साखरेचे दागिने, कागदाचे मणी

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. असा कोणता दागिना आहे, जो सोन्याचा नाही, चांदीचा नाही आणि मोत्यांचाही नाही? चोर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, पण मुंग्यांपासून मात्र तो जपावा लागतो. एक संध्याकाळ अंगावर मिरवला की त्याचं काम संपलं. आणि तरीही तो तयार करायला घरातली चार माणसं चार-चार दिवस मान मोडून बसतात!

ओळखलंत? शाब्बास! हलव्याचे दागिने.

आता ‘हलवा’ म्हटल्याबरोबर ज्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांसमोर किसलेली गाजरं आली, त्यांनी जरा थांबा. हा तो हलवा नव्हे. हा संक्रांतीचा हलवा. तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा घेऊन त्यावर साखरेचा पाक चढवून केलेला पांढराशुभ्र, काटेरी दाणा. तिळगुळाबरोबर तो आपण एकमेकांच्या हातावर ठेवतो. पण आपल्या आज्या-पणज्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं, की हा दाणा नुसता खायचा कशाला? तो अंगावर ल्यायचासुद्धा!

काळ्या साडीवर पांढरं चांदणं

मकरसंक्रांत बहुतेक वेळा १४ जानेवारीला येते, कधी कधी १५ला. दिवस थंडीचे. काळा रंग ऊन शोषून घेतो, ऊब देतो. म्हणून एरवी सणासुदीला मागे ठेवलेला हा रंग या एका सणाला मात्र मानानं पुढे येतो. आणि काळ्या साडीवर पांढराशुभ्र हलवा काय खुलून दिसतो म्हणता! अमावास्येच्या आभाळात चांदण्या दिसाव्यात तसा.

या दागिन्यांचे मानकरी मुख्यतः दोन. पहिली म्हणजे नवी नवरी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिला हे दागिने घालतात. हार, मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, कानातले, एवढंच काय, नथसुद्धा हलव्याची! तिच्या नवऱ्याचीही सुटका नाही बरं का. त्याच्या गळ्यात हलव्याचा हार पडतो, आणि हौशी घरांत तर मनगटावर हलव्याचं घड्याळही चढतं. या घड्याळाला किल्ली नको, सेल नको. फक्त त्यात किती वाजले हे विचारायचं नाही!

दुसरा मानकरी म्हणजे घरातलं लहान बाळ. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही त्याचं बोरन्हाण करतात. अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडावर बाजूबंद आणि हातात हलव्यानं मढवलेली बासरी. असा थेट बाळकृष्ण करून त्याला पाटावर बसवतात. मग त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, गोळ्या आणि चॉकलेटं ओततात, आणि जमलेली पोरंसोरं ती लुटायला धावतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं बोरन्हाण झालं असेल. तुम्हाला ते आठवणार नाही, पण घरातला जुना अल्बम काढून बघा. मुकुट एका कानावर कलंडलेला आणि चेहरा रडवेला, असा एखादा फोटो सापडेल!

काटा येतो तरी कसा?

दागिने करायचे तर आधी हलवा हवा. आता तो दुकानात तयार मिळतो. यंत्राच्या फिरत्या कढईतही बनवतात. पण हातानं हलवा करणं म्हणजे काय, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. (समजून घ्या म्हणतेय, करून बघा असं नाही. गरम पाकाचं काम मोठ्यांचं. तुम्ही शेजारी बसून बघायचं.)

शेगडीत मंद निखारे. त्यावर पसरट परात. परातीत मूठभर तीळ किंवा खसखस. शेजारच्या पातेल्यात साखरेचा पाक, थोडं दूध घालून मळी काढून स्वच्छ केलेला. त्यातला चमचाभर पाक परातीत सोडायचा आणि बोटांनी दाणे हलके हलके फिरवत राहायचं. पाकातलं पाणी उडून जातं आणि साखर दाण्याभोवती बसते. तो थर सुकला की आणखी एक चमचा. पुन्हा फिरवणं. पुन्हा एक चमचा. असं तासन्‌तास, कधी दोन-दोन, तीन-तीन दिवस थोडं थोडं. साखर सगळीकडे सारखी बसत नाही. बारीक बारीक उंचवटे तयार होतात, त्यांवर पुढचा पाक चढतो, ते आणखी वाढतात, आणि त्यांचेच होतात काटे.

इथे घाईला जागा नाही. ‘कोण बसतंय चमचा चमचा घालत’ म्हणून पळीभर पाक एकदम ओतलात, की सगळ्या दाण्यांचा मिळून एक लाडू! आच मोठी झाली की पांढरी साखर तांबूस पडते. हवा दमट असली तर दाणा सुकायलाच तयार होत नाही. म्हणूनच थंड, कोरड्या हवेत हलव्याला काटा छान येतो, असं जुन्या बायका सांगतात.

आणि गंमत म्हणजे असा काटेरी दाणा फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. थेट जपानमध्ये त्याचा एक भाऊ आहे. त्याचं नाव ‘कोनपेइतो’. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक जपानला पोहोचले, ते आपल्याबरोबर साखरेची मिठाई घेऊन गेले. तिच्या पोर्तुगीज नावावरूनच हे जपानी नाव पडलं. तिथेही पूर्वी दाण्याच्या पोटात खसखस असायची. तिथेही थोडा थोडा पाक घालत दाणे फिरवत ठेवतात, आणि एक घाणा पुरा व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो. जपानच्या राजघराण्यात काही आनंदाचा प्रसंग असला, की पाहुण्यांना लहानशा नक्षीदार डबीत हेच दाणे घालून भेट देण्याची रीत आहे. म्हणजे बघा, राजवाड्यातली भेट आणि आपल्या आजीच्या परातीतला हलवा, दोघांची जात एकच! दोन्हीकडे साखर साधीच असते. महाग असतो तो वेळ.

सुई नको, गाठ हवी

आता दागिने. इथे नवशिक्यांची पहिली फजिती ठरलेली. मोती ओवतात तसा हलवा ओवायला जावं, सुई टोचावी, की दाणा फट्‌कन फुटतो! हलवा ओवायचा नसतो, बांधायचा असतो. पांढऱ्या दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा धरायचा आणि गाठ आवळायची. दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतो आणि दाणा पक्का धरला जातो. लगेच शेजारी दुसरा दाणा, दुसरी गाठ. अशी वीतभर माळ झाली की पुढचं सगळं सोपं.

बांगडीसाठी जुनी प्लॅस्टिकची बांगडी घ्या, तिला पांढरी फीत गुंडाळा आणि वरून हलव्याची माळ वेढत न्या. मुकुट, बाजूबंद आणि कंबरपट्टा यांना मात्र कागदाचा आधार लागतो. जुन्या वहीचा पुठ्ठा किंवा जाडशी लग्नपत्रिका घ्या, हवा तो आकार कापा, त्यावर सोनेरी बेगडी कागद चिकटवा आणि डिंकानं एकेक दाणा बसवा. कडेनं जर, मधोमध एखादी टिकली. म्हणजे हा दागिना निम्मा साखरेचा आणि निम्मा कागदाचा! एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. डिंक लागलेला हलवा खायचा नाही. खायचा हलवा आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवा.

आणि हे काम एकट्यानं करू नका. त्याची खरी मजा वाटणीत आहे. सगळ्यात धाकट्याकडे दाणे निवडायचं काम द्या. मोठे वेगळे, बारीक वेगळे. (त्यातले काही निवडणाऱ्याच्या पोटात जाणारच. तेवढी तूट धरून चालायचं!) ज्याची कात्री सरळ चालते, त्यानं पुठ्ठे कापायचे. ताईनं गाठी मारायच्या. आणि आजी? तिला आता सुईत दोरा घालता येत नसेल, पण नथीचा आकार कसा वळवायचा, हाराचं पदक कुठे बसवायचं, हे ती डोळे मिटून सांगेल. हात गुंतले की तोंडं मोकळी होतात. एरवी दहादा विचारून न सांगितलेल्या गोष्टी, आईनं शाळेत केलेल्या खोड्या, आजोबांचा पहिला दिवाळसण, सगळं अशा वेळी आपोआप बाहेर येतं.

मुलग्यांनो, ‘हे बायकांचं काम’ म्हणून सटकू नका हं! संक्रांतीच्याच दिवसांत पतंगाला कन्नी कोण बांधतं? ती गाठ काय कमी नाजूक असते? ज्या बोटांना कन्नी बांधता येते, त्या बोटांना हलवाही बांधता येतो.

गेल्या वर्षाचं कॅलेंडर गळ्यात

‘सगळं खरं, पण संक्रांत वर्षातून एकदाच येते. एरवी काय करायचं?’ बरोबर आहे तुमचं. पावसाळ्यात हलव्याचा हार बांधायला घेतलात, तर तो बोटांनाच चिकटेल. मग वर्षभरासाठी आहे कागद. कागदाचा दागिना म्हणजे काहीतरी तकलादू, असं वाटतं ना? पण कागद घट्ट गुंडाळला की त्याचे चक्क लाकडासारखे टणक मणी होतात. आफ्रिकेतल्या युगांडा देशात कितीतरी बायका असे मणी वळून माळा करतात आणि त्या विकून घर चालवतात. साहित्य तर तुमच्या घरातच आहे. गेल्या वर्षाचं कॅलेंडर!

१. कॅलेंडरच्या पानाचा ३० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद असा तुकडा कापा.

२. रुंदीच्या वरच्या कडेवर अगदी कोपऱ्यापासून सुरुवात करून दर २ सेंटीमीटरवर खूण करा. खालच्या कडेवर मात्र पहिली खूण १ सेंटीमीटरवर, आणि मग पुढे दर २ सेंटीमीटरवर.

३. वरचा कोपरा खालच्या पहिल्या खुणेला जोडा, ती वरच्या दुसऱ्या खुणेला, ती पुन्हा खालच्या दुसऱ्या खुणेला. अशी वर-खाली नागमोडी रेघ शेवटपर्यंत न्या. लांबच लांब, निमुळते त्रिकोण दिसायला लागतील. मोजा बरं! पूर्ण त्रिकोण बरोबर १९, आणि दोन कडांना दोन अर्धे. कागद जराही वाया नाही. (भूमितीच्या बाईंना हे जरूर दाखवा!)

४. त्रिकोण कापून घ्या. खराट्याची हीर किंवा विणकामाची बारीक सुई घ्या. पट्टीचं रुंद टोक तिच्यावर ठेवून गुंडाळायला लागा. पहिल्या वेढ्याला डिंक लावू नका, नाहीतर मणी हिरालाच चिकटून बसेल. पुढे पातळसा डिंक लावत चला. निमुळतं टोक सतत मधोमध राहील, इकडे लक्ष ठेवा.

५. शेवटचं टोक चिकटवून मणी हळूच काढून घ्या. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळता, असा रंगीत पट्ट्यांचा मणी तयार!

६. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी मिसळून त्याचा वरून हात द्या. मणी काड्यांवर अडकवा आणि काड्या एका बटाट्यात खोचून ठेवा, म्हणजे ते कुठं टेकणार नाहीत. रात्रभर सुकू द्या. सकाळी मणी चकाकतील. (बटाटा आईला परत द्यायला विसरू नका!)

असा एक मणी २ सेंटीमीटरचा. म्हणजे ६० सेंटीमीटरच्या माळेला ३० मणी, आणि मधे मधे काचेचे बारीक मणी घातले तर त्याहून कमी. दोन तुकड्यांत एक माळ सहज होते.

आणि कॅलेंडरच्या पानाची एक वेगळीच मजा आहे. त्यावर काय काय लिहिलेलं असतं! ‘दूध अर्धा लिटर जास्त’, ‘गॅस लावला’, ‘मावशी येणार’. अशा पानांची माळ करून आजीला दिलीत, तर तिनंच मांडलेला वर्षभराचा हिशेब तिच्या गळ्यात! एखाद्या मण्यावर तिचंच अक्षर अर्धवट डोकावेल. कुठल्या सोनाराकडे असा दागिना मिळतो, सांगा बरं?

आठवी-नववीतल्या दादा-तायांनो, ‘हे छोट्यांचं’ म्हणून पान उलटू नका. मैत्रीदिनाला दुकानातून बारा पट्टे आणून बारा जणांना बांधता ना? यंदा एकच मणी वळा, तुमच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीसाठी किंवा मित्रासाठी. कागद निवडताना विचार करा. तिच्या आवडत्या खेळाडूचा फोटो? तुम्ही दोघांनी वर्गात फळ्याकडे न बघता जिच्यावर फुली-गोळा खेळलात ती वहीतली चिठ्ठी? मणी वळेपर्यंत तुमच्या डोक्यात तीच असते. बारा पट्टे घेताना असं होतं का?

पाकिटातले चार दाणे

हलवा आणि कागद यांची जोडी आणखी एका ठिकाणी जमत असे. ती म्हणजे पोस्टाच्या पाकिटात. लांबच्या नातेवाइकांना संक्रांतीला छोटंसं शुभेच्छापत्र पाठवायचं, आणि आत कागदाची इवलीशी पुडी. पुडीत हलव्याचे चार दाणे. पोस्टाचा शिक्का नेमका पुडीवर बसला की चार दाण्यांचा चुरा! पण तो चुरासुद्धा चिमटीनं उचलून घरातले सगळे जिभेवर ठेवत. आता फोनवरून एका बोटानं शंभर जणांना शुभेच्छा जातात. आपल्यालाही शंभर येतात. त्यातल्या किती लक्षात राहतात?

मुळात कागद हीच एके काळी हातानं केलेली वस्तू होती. छत्रपती संभाजीनगरजवळ दौलताबादच्या परिसरात कागजीपुरा नावाचं गाव आहे. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. नावांवरूनच कळतं, तिथे कोण राहत होतं आणि काय करत होतं! पुण्यातच १९४० साली हातकागदाची संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात कालवून चाळणीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि वाळवायचा. असा हा जाडसर, खरबरीत कागद शुभेच्छापत्रांना फार छान दिसतो.

पण तोच हवा असं काही नाही. वहीचं कोरं पान चालेल. यंदा निदान एका माणसाला असं पाकीट पाठवा. जो सगळ्यात लांब राहतो, त्याला. पत्ता स्वतःच्या हातानं लिहा. आणि आतल्या पुडीभोवती कापसाचा पातळ थर द्या, म्हणजे शिक्क्याची भीती नाही!

घ्यायलाही यावं लागतं

आतापर्यंत करणाऱ्याविषयी बोललो. आता घेणाऱ्याविषयी. कारण हातची भेट दोघं मिळून पुरी करतात. एक जण करतो आणि दुसरा ती नीट घेतो.

त्या नव्या नवरीचाच विचार करा. समजा, तुमच्या दादाचं लग्न झालंय. वहिनी घरात नवी. साखर कुठल्या डब्यात आणि मीठ कुठल्या, इथपासून तिला सगळं नव्यानं शिकायचंय. तिच्या माहेरी चहात आलं घालत असतील, इथे वेलची. हाक मारणारी माणसं नवी, हाक मारायची रीतही नवी. अशात संक्रांतीच्या दिवशी तिच्यासमोर दागिन्यांचं ताट येतं. एक बांगडी जरा वाकडी. हाराची एक बाजू दोन दाण्यांनी लांब. कुणी केलं? धाकट्या दिरानं आणि नणंदेनं. अभ्यास सांभाळून, तिच्या नकळत, तिच्या बांगडीचं माप चोरून! दुकानातल्या सुबक दागिन्यांनीही तिची हौस झाली असती. पण या वाकड्या बांगडीवरून तिला कळतं, की गेले चार दिवस या घरात आपल्यासाठी काहीतरी चाललं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, ‘अगं, कुणी केले इतके छान?’ तेव्हा तिच्याकडे सांगायला नावं असतात.

म्हणजे विकतचे दागिने वाईट का? छे, मुळीच नाही. दादरला किंवा पुण्याच्या तुळशीबागेत संक्रांतीच्या आधी पेट्याच्या पेट्या मांडलेल्या दिसतात. तो हलवा यंत्रातला असेल, पण दागिने हातांनीच बांधलेले असतात. कितीतरी बायका घरकाम आटोपून हे काम करतात आणि त्या पैशांचा संसाराला हातभार लागतो. ज्यानं एक हार स्वतः बांधून पाहिलाय, तो दुकानात ‘एवढे पैसे?’ असं म्हणत नाही. त्याला गाठी दिसतात.

हातची भेट घ्यायची कशी? अगदी सोपं आहे.

आधी अंगावर घाला, मग बोला. माळ असेल तर गळ्यात, पत्र असेल तर तिथल्या तिथे उघडून वाचा. ‘नंतर बघते’ असं म्हणून बाजूला ठेवलेली भेट बाजूलाच राहते.

‘कसं केलंस?’ असं विचारा. ‘थँक्यू’पेक्षा हा प्रश्न मोठा. तो विचारला की करणारा खुलतो, पहिला मणी कसा बिघडला, डिंक कसा सांडला, सगळं सांगतो.

किंमत काढू नका. ‘बाजारात वीस रुपयांत मिळतं’ हे खरं असेलही. पण तुमच्यासाठी घालवलेल्या तीन संध्याकाळी कुठल्या बाजारात मिळतात?

आणि हे फक्त मोठ्यांना सांगत नाहीये, बरं का! आजीनं विणलेला तो स्वेटर कुठे आहे? बाह्या जरा लांब, रंग जरा जुना, ‘टोचतो’ म्हणून कपाटाच्या तळाशी गेलेला? तिनं तुमच्या उंचीचा अंदाज घेत घेत टाके घातले होते. ती घरी येईल तेव्हा एकदा घाला. एकदाच. आणि विचारा, ‘आजी, ही नक्षी कशी गं घातलीस?’ मग तिचा चेहरा बघा.

हा भाग आई-बाबांना वाचून दाखवा

आई-बाबा, मुलं कात्री-कागद घेऊन बसली की घराचं काय होतं, ते ठाऊक आहे. सतरंजीला डिंक, केरात हलवा, आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांची वरात. पसारा आवरायला त्यांना जरूर लावा. पण तो मांडू मात्र द्या.

आणखी एक. मूल झोपल्यावर त्याची वाकडी माळ गुपचूप उसवून सरळ करू नका. शाळेच्या हस्तकलेचंही तेच. सकाळी त्याला लगेच कळतं, की ही आपली नाही. सुबक माळ मिळते, पण ‘मी केली’ हे दोन शब्द जातात.

मूल हातानं केलेली वस्तू घेऊन येतं, तेव्हा तिच्याबरोबर एक प्रश्नही आणतं. तो ते तोंडानं विचारत नाही. ‘माझ्या हातचं तुम्हाला चालेल?’ त्यावर ‘छान आहे, पण अभ्यास झाला का?’ असं उत्तर दोन-तीनदा मिळालं, की मूल वस्तू आणायचं थांबतं. भांडत नाही, रडत नाही. नुसतं थांबतं. मोठेपणी ते तुमच्यासाठी महागडी भेट विकत आणील. पण हातची आणणार नाही. म्हणून ती पहिली वाकडी माळ गळ्यात घाला आणि तशाच भाजी आणायला जा. भाजीवाल्या मावशींनी ‘हे काय घातलंय?’ असं विचारलंच, तर अभिमानानं सांगा!

एक माळ जास्तीची

बालमित्रांनो, शेवटी एक काम सांगते. सोपं आहे, पण जरा धीटपणाचं.

हळदीकुंकवाला सवाष्णींनाच बोलवायची जुनी चाल आहे. ज्यांचे पती हयात नाहीत, त्या आजी, काकू, मावशी यांना आमंत्रण नसे. आता पुष्कळ घरांनी ही चाल मोडलीय. तिथे सगळ्याजणींना बोलावतात, सगळ्याजणी हसतात-बोलतात. पण काही ठिकाणी अजूनही एखादी आजी आपल्या घरात एकटी बसून शेजारच्या बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज ऐकत असते. तिला हलवा करता येत असेल, गाठी मारता येत असतील. फक्त कुणी बोलावत नाही.

तुमच्या वाड्यात, सोसायटीत, गल्लीत अशी एखादी आजी आहे का? मग यंदा एक माळ जास्तीची करा. आईला सांगा, तिलाही बरोबर घेऊन जा. ‘आजी, तिळगूळ घ्या’ म्हणून वाका आणि माळ त्यांच्या हातात द्या. त्या बहुतेक म्हणतील, ‘अगं बाळा, मला कशाला?’ तेव्हा गोंधळू नका. म्हणा, ‘मी केलीय. तुमच्यासाठी.’ साखरेला काही कुणाच्या कपाळावर कुंकू आहे की नाही, हे दिसत नसतं. ती सगळ्यांच्या जिभेवर सारखीच गोड लागते. आणि जमलं तर पुढच्या वर्षी दागिने करायला त्यांनाच बोलवा. मधे पाटावर बसवा आणि म्हणा, ‘आजी, आम्हाला गाठ नीट जमत नाही, शिकवाल?’

संक्रांत होऊन जाईल. चार दिवसांत हार मऊ पडेल, कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघेल आणि मुकुटाचा पुठ्ठा टाकून द्यावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका. साखरेनं विरघळायचंच असतं. तुमच्या बोटांना आलेली गाठ मात्र विरघळत नाही, आणि ज्याच्यासाठी ती मारलीत, तो माणूसही ती विसरत नाही.

मग काय, लागायचं ना कामाला? हात धुऊन घ्या, दोरा काढा, खायच्या हलव्याची वाटी जरा लांब ठेवा, आणि मारा बघू पहिली गाठ!